लाल गेटची जिनिंग

कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये हवा दिसते. पत्र्याच्या शेडमध्ये सरकी काढायच्या मशिनी सुरू झाल्या की बारीक तंतू उडतात, आणि वरच्या झरोक्यातून ऊन आत उतरलं की ते त्या उन्हात तरंगत राहतात. खाली येत नाहीत, वरही जात नाहीत. पहिल्या वर्षी कापसातला कचरा वेचताना मी मान वर करून तेच बघत राहायचे. आमची मुकादमीण म्हणायची, "हात चालव गं. वर काय तुझं माहेर हाय का?"

बघायला ती हवा चांगली होती, पण छातीत गेली की तिथून निघत नव्हती. दुसऱ्या हंगामात मला खोकला लागला. होळी झाली, शेड बंद झालं, तरी तो गेला नाही. नुसती चुलीपाशी बसले तरी धाप लागायची. पाथरीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "बाई, परत धुळीत गेलात तर ह्याचा दमा होईल. मग जन्मभर पंप ओढत बसाल."

मी घरी हे नीट सांगितलंच नाही. मला सांगता येत नाही. पण आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ओळखलं. त्यांनी ह्यांना सांगितलं, आणि हे जाऊन जिनिंगच्या थोरल्या शेठना भेटले.

थोरले शेठ कमी बोलतात. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा. सकाळची पूजा होईपर्यंत ते कोणाशी एक शब्द बोलत नाहीत, आणि नंतरही मोजकंच बोलतात. त्यांनी मला शेडमधून काढून ऑफिसात घेतलं. पाणी भरायचं, चहा करायचा, झाडून घ्यायचं. ऑफिसला काचेचं दार होतं. शेडमधली हवा त्या दारापर्यंत यायची आणि तिथं थांबायची. काचेवर पांढरी लव बसायची. मी ती ओल्या फडक्यानं पुसायचे, तेव्हा वाटायचं की मी पाण्याच्या आत आहे आणि बाहेर सगळे कोरडे.

पुढच्या दसऱ्यानंतर ऑफिसात नवा टेलिफोन आला.

त्याचं असं झालं, की सगळ्या गावांचे शेतकरी धाकट्या शेठच्या मोबाईलवर फोन करायचे. आज भाव काय, काटा चालू आहे का, गाडी आणू का. धाकटे शेठ जेवताना, झोपताना, देवळात गेले तरी कानाला फोन. शिवाय शेडजवळ मोबाईलला रेंज येत नव्हती. मशिनींच्या आवाजात तर काहीच कळत नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, की ऑफिसचा जुना नंबर तोच ठेवायचा, आणि त्यावर आलेला फोन ज्याचा त्याला जोडून द्यायचा. वजनकाट्यावर एक फोन, गोदामात एक, दिवाणजींच्या टेबलावर एक, दोन्ही शेठच्या खोल्यांत एकेक. आणि दाराजवळच्या लहान टेबलावर एक, जिथं बाहेरचा फोन आधी येणार.

परभणीहून फोनवाले आले. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्याला मफलर, खिशात पेचकस. त्यांनी भिंतीवर एक पांढरा डबा बसवला. डब्यातून वायरी निघाल्या आणि सगळीकडं गेल्या. डब्यावर बारीक हिरवे दिवे होते. दुपारी ऑफिस निवांत असलं की ते एकेक लुकलुकायचे, जणू आतल्या आत काही विचार चालू आहे.

"ह्या टेबलावर कोण बसणार?" फोनवाल्यांनी विचारलं.

थोरल्या शेठनी माझ्याकडं बघितलं. मी चहाचे कप उचलत होते.

"बाई, तुमी बसा," ते म्हणाले. "उचलायचं आणि जोडून द्यायचं. हंगाम भरात येईपर्यंत जमलं तर कायमचं तिथंच. न्हाई जमलं तर मग शिकलेली मुलगी ठेवावी लागंल. चहापाणी बी तीच बघंल. तुमाला आत जावं लागंल."

आत म्हणजे शेड. मी मान हलवली. हलवताना छातीत आधीच काहीतरी घरघरलं.

फोनवाल्यांनी मला चांगलं शिकवलं. फोन आला की दिवा लागतो. उचलायचा. कोण हवं ते विचारायचं. मग फ्लॅशचं बटन दाबून आतला नंबर दाबायचा, आतल्या माणसानं उचललं की आपण ठेवून द्यायचा. तेवढ्या वेळात बाहेरच्या माणसाला एक बारीक धून ऐकू येते. मी एकदा काट्यावरच्या फोनवरून ती ऐकली. लांबच्या कुठल्या तरी घरात कोणी भांडी वाजवतंय आणि मध्येच थांबून विचार करतंय, अशी. मला वाटलं, माणूस कुठूनही फोन करो, जोडेपर्यंत तो त्या घराच्या ओसरीवर बसलेला असतो. मग मी दार उघडते.

"आणि उचलल्या उचलल्या आधी जिनिंगचं नाव सांगायचं," फोनवाले म्हणाले. "म्हंजे समोरच्याला कळतं, फोन बरोबर लागला."

मी मान हलवली.

आता इथं मला थोडं मागचं लिहायला हवं. जिनिंगला शेठच्या घरच्या देवाचं नाव आहे. महादेवाचंच एक नाव. आमच्या भागात ते नाव गावोगाव सापडतं. माझ्या सासऱ्यांचंही तेच आहे. त्यांना मी मामा म्हणते, म्हणजे म्हणायची वेळ आली तर म्हणते. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी समोरासमोर कधी बोललेली नव्हते. ताट वाढलं की मी भिंतीकडं बघून म्हणायचे, "वाढलंय म्हणावं." ते खांबाकडं बघून म्हणायचे, "आलो म्हणावं." खांबाला आणि भिंतीला आमचं सगळं माहीत होतं.

त्यांचं नाव घ्यायचा तर प्रश्नच नाही. नवऱ्याचं नाव तरी उखाण्यात घेता येतं. सासऱ्याचं नाव घ्यायला उखाणासुद्धा नसतो. वालूरला माझ्या माहेराशेजारी एक काकू होत्या. त्यांच्या थोरल्या दिराच्या नावात गंगा होती, म्हणून त्या गंगेला मोठी नदी म्हणायच्या. गंगेवर अंघोळीला जायचं असलं तरी "मोठ्या नदीवर जाऊन येते." तेव्हा आम्ही पोरी हसायचो.

तर मी फोन उचलायला लागले. दिवा लागायचा, मी उचलायचे आणि म्हणायचे, "बोला."

मला ते पुरेसं वाटत होतं. बोला म्हटल्यावर माणसानं बोलावं. पण माणसं बोलत नव्हती. पलीकडं थोडा वेळ शांत असायचं, मग एखादा "अं?" म्हणायचा, आणि फोन बंद. परत दिवा लागायचा, परत बोला, परत बंद. जवळच्या गावांची माणसं तेवढी बोलायची, कारण त्यांना बाईमाणसानं बोला म्हटलेलं कळतं. लांबचे व्यापारी आणि ट्रकवाले फोन ठेवून द्यायचे. मला वाटलं, लाईनच तुटते. मी तसं दिवाणजींना सांगितलंही. दिवाणजी म्हणजे जिनिंगचे जुने कारकून, तोंडात कायम तंबाखूची गोळी.

धाकट्या शेठकडं तक्रारी आल्या. ते बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, सगळे म्हणतात, तुमचा फोन कोणाच्या तरी घरी लागतोय. कोणी बाई उचलतीय म्हणे."

"मीच उचलते," मी म्हणाले, पण इतकं हळू की त्यांना ऐकू गेलं नसावं.

फोनवाल्यांना परत बोलावलं. त्यांनी डबा उघडला. आत हिरव्या पट्ट्या होत्या, त्यांना ते कार्ड म्हणत होते. एक कार्ड काढून फुंकर मारली, परत बसवलं. माझा फोन बदलून काट्यावरचा मला दिला. बाहेर खांबावर चढून जोडणी बघितली. कानाला लावून टोन ऐकला. "लाईन एकदम साफ हाय," ते म्हणाले. "तक्रार कुठं हाय तेच समजंना."

ते गेल्यावर दिवाणजी डब्यापुढं उभे राहिले. "मला समजलं," ते म्हणाले. "खंडेनवमीला काट्याची पूजा झाली, मशिनीची झाली, पंपाची बी झाली. हा डबा नंतर आला. ह्याची पूजाच न्हाई. मग रुसंल न्हाई तर काय करंल?"

त्यांनी डब्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती लावली. झाकण नीट लागलेलं नव्हतं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी गोदामातला फोन उचलला की धाकट्या शेठच्या खोलीत वाजू लागला. धाकटे शेठ धावत बाहेर येत आणि गोदामवाला धावत आत येई. दोघं दारात एकमेकांना विचारत, "काय झालं?"

फोनवाले परत आले. झाकण उघडून आत बघितलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"दिवाणजी, कार्डावर कुंकू चालत न्हाई हो."

"देवाला चालतं ते ह्याला कामून चालत न्हाई?"

"देवात वायरी नसत्यात."

त्यांनी बारीक ब्रशानं कुंकू झाडलं. ते झाडताना लाल धूळ उन्हात उडाली आणि सगळे थोडे मागं सरकले. मला ते दृश्य फार आवडलं. फोनवाले मफलर नाकाला लावून देवाचं कुंकू हळूहळू पुसत होते, आणि हिरवे दिवे एकेक परत लागत होते.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. ते गेटबाहेर गेले आणि तिथून मोबाईलवरून ऑफिसच्या नंबरला फोन लावला. मी उचलला. "बोला," म्हणाले. ते काही बोलले नाहीत. परत लावला. परत मी म्हणाले. काचेतून ते मला दिसत होते. लाल गेटपाशी उन्हात उभे, माझा आवाज कानाला लावून, जमिनीकडं बघत.

ते आत आले आणि माझ्या टेबलासमोर बसले.

"ताई, जिनिंगचं नाव का घेत न्हाई तुमी?"

मी खाली बघितलं.

"नुसतं बोला म्हटलं तर सुरतच्या माणसाला काय कळणार? त्याला वाटतं, कोणाच्या तरी घरी लागला. म्हणून ठेवून देतो. मशीन चांगली हाय. नाव घ्या, बस."

मी पदर नीट केला. दिवाणजी पलीकडून बघत होते. ते आमच्या शेजारच्या गावचे. मामांना ओळखतात. त्यांच्या तोंडातली गोळी एकदम थांबली.

"अरे देवा," ते म्हणाले. "घेणार कसं! सासऱ्याचं नाव हाय ना ते!"

मग ऑफिसात जे हसू उसळलं ते काट्यापर्यंत गेलं. काटेवाला येऊन विचारून गेला आणि तोही हसला. "म्हंजे एवढे दिवस मी कुंकू झाडायलो," फोनवाले म्हणाले, "आणि बिघाड सासऱ्याच्या नावात!" मीही पदराआड हसले. हसताना खोकला आला आणि तो थांबेना. दिवाणजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

धाकटे शेठ म्हणाले, "मावशी, नुसतं जिनिंग म्हणा. नाव नका घेऊ."

मी तसं म्हणून बघितलं. पण त्या रस्त्यावर जिनिंगी बऱ्याच आहेत.

"हॅलो, जिनिंग."

"कोणती जिनिंग?"

"रोडवरची."

"रोडवर तर सगळ्याच हायत की, बाई."

मग मी जरा विचार करून म्हणायला लागले, "लाल गेटची." ट्रकवाल्यांना ते पटकन समजायचं, कारण त्यांना गेटच माहीत. पण एका व्यापाऱ्यानं विचारलं, "कौनसी जिनिंग?" मी म्हणाले, "लाल गेटवाली." तो म्हणाला, "ये कौनसी नई कंपनी है?" आणि ठेवून दिला. त्याच फोनची थोरले शेठ सकाळपासून वाट बघत होते. कापसाच्या गठाणींचा सौदा होता. तो व्यापारी पुढच्या जिनिंगला गेला.

थोरले शेठ रागावले नाहीत. ते माझ्या टेबलापाशी आले आणि काच बघत उभे राहिले. काचेपलीकडं शेड भरात आलं होतं, पांढरा कापूस डोंगराएवढा.

"बाई, आमच्या घरात बी असंच हाय," ते म्हणाले. "तुमचं चुकलं असं मी म्हणत न्हाई. पण धंद्याचं नाव घ्यावंच लागतं. सोमवारी बघू. न्हाईतर मग मुलगी बोलवावी लागंल."

घरी मी आत्यांना सांगितलं. आत्या ज्वारी निवडत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "मी चाळीस वर्षं ज्यांचं नाव घेतलं न्हाई, ते तू सगळ्या दुनियेला फोनवर सांगणार व्हय?" पण नंतर माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आणि धुळीत बी जायचं न्हाई. मग गं काय करायचं?"

मामा ओसरीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. श्रावणात आमच्या गावच्या महादेवाच्या देवळात पोथी मामाच वाचतात. मी नवी नवरी असताना भिंतीआडून ऐकायचे. एकेक अक्षर वेगळं, जसं कोणी धुऊन पाटीत ठेवतंय. ते थोड्या वेळानं खांबाकडं बघून म्हणाले, "म्हण म्हणावं. मी न्हाई कशाला म्हणू? नावच हाय, झिजायचं न्हाई."

आत्या मला म्हणाल्या, "मामा म्हणतात, म्हण."

परवानगी मिळाली. मी तुरीच्या शेतात गेले. तूर डोक्यावर वाढलेली, शेंगा भरलेल्या. कोणी नव्हतं. मी तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं, आणि पुढं काही नाही. जीभ तिथं जाऊन उभी राहायची, जशी गाय नव्या गोठ्याच्या दारात उभी राहते. मी तुरीला म्हणून बघितलं, आभाळाकडं बघून म्हणून बघितलं. एकदा डोळे मिटून म्हटलं आणि मला वाटलं झालं, पण तो फक्त माझा श्वास होता. वाऱ्यानं तुरीच्या शेंगा वाजायच्या, खुळखुळ, आणि मला वाटायचं, ह्यांना सगळ्यांना ते नाव येतं. मलाच येत नाही.

त्या रात्री झोपेत मी फोन उचलत होते. पलीकडून कोणी म्हणत होतं, नाव सांगा. मी तोंड उघडलं तर तोंडातून कापूस निघाला, हलका, न संपणारा, आणि सगळं ऑफिस त्यात हळूहळू तरंगायला लागलं. भीती वाटली नाही. जागी झाले तेव्हा खोकत होते.

सोमवारी सकाळी मामांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. "मी बी येणार म्हणावं," एवढंच म्हणाले. जीप आली. ते ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागं, बायकांत. सगळा रस्ता मला त्यांची टोपी दिसत होती. कापसाच्या गाड्या आमच्या बाजूनं जात होत्या आणि उडालेला कापूस बाभळींना लागून राहिला होता. जिनिंगपाशी उतरल्यावर मामांनी ऑफिसच्या दाराबाहेर चपला काढल्या. तिथं कोणी काढत नाही. त्यांना बघून मी पाण्याच्या माठामागं सरकले, डोक्यावरून पदर ओढला. घरी अशा वेळी आत निघून जाता येतं. इथं जायला आत नव्हतं. आत फक्त शेड होतं.

"शेठ, राम राम," मामा म्हणाले.

"शरणार्थ. या, बसा," थोरले शेठ उठून म्हणाले.

मामा बसले नाहीत. "तिला दम लागतो. माझ्या नावापायी तिचं बसायचं काम जाऊ नये. मी सांगून बघितलं म्हण म्हणून. तिला जमंना. मग तिचा काय गुन्हा?"

दिवाणजी म्हणाले, "मग काय जिनिंगचं नाव बदलायचं?"

"माझंच बदला," मामा म्हणाले. "पण ह्या वयात नव्या नावानं हाक मारली तर मी ओ देणार न्हाई, एवढं सांगून ठेवतो."

थोरले शेठ हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. फोनवाले त्या दिवशी कुंकवाच्या कार्डाच्या जागी नवं कार्ड बसवायला आलेच होते. डब्यापुढं उकिडवे बसले होते. तिथूनच म्हणाले, "शेठ, ह्या मशिनीत एक सोय हाय. फोन आला की आधी मशीनच उचलंल आणि नाव सांगंल. मग ताईकडं जोडंल. आवाज भरून ठेवायचा एकदा, बस. मी आधीच सांगितलं असतं, पण मला वाटलं, घरचं माणूस असताना मशीन कशाला?"

"मग भरा," शेठ म्हणाले.

धाकट्या शेठनी आधी भरला. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. थोरले शेठ म्हणाले, "शेतकऱ्याला वाटंल, बँकेत लागला. ठेवून देईल." मग दिवाणजी बसले. त्यांच्या तोंडातल्या गोळीमुळं मशिनीत नुसता चिखल भरला. थोरले शेठ स्वतः बोलले, पण त्यांना जुनी सवय, लांबच्या गावाला फोन लावल्यासारखं ओरडायची. परत ऐकला तर डबा फुटतोय असं वाटत होतं.

"कोणीतरी हळू, सरळ बोला," फोनवाले म्हणाले. "पोथी वाचल्यासारखं."

दिवाणजींनी मामांकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"मी?" मामा म्हणाले. "माझंच नाव मी सांगू?"

"जिनिंगचं सांगा, आबा," धाकटे शेठ म्हणाले. "तुमचं आपोआप येतंय."

मामांनी टोपी नीट केली. रिसीव्हर दोन्ही हातांत धरला, जसा देवळात पोथीचा रुमाल धरतात. खाकरले. ऑफिसात सगळे उभे होते आणि कोणी हालत नव्हतं. काचेबाहेर ऊन होतं आणि त्यात पांढरं तरंगत होतं. मामांनी नमस्कार म्हटलं, मग ते नाव घेतलं, मग जिनिंग, आणि मग, "जरा थांबा, जोडून देतो."

ते नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दुसरे हाक मारायचे, तलाठी मारायचा, शेजारी मारायचे. पण माणूस स्वतःचं नाव घरात कशाला घेईल? मला माठामागं उभी राहून एकदम वाटलं की ते कोणाचं तरी लहानपणचं नाव आहे, कोणीतरी ते पाळण्यात ठेवलेलं आहे.

"देतो म्हटलात," फोनवाले हसून म्हणाले. "उचलणार तर ताई."

"राहू द्या तसंच," थोरले शेठ म्हणाले. "मामा देतो म्हणतील, सून देईल."

त्या दिवसापासून कोणी फोन ठेवून देत नाही. मशीन उचलते, मशीन नाव घेते, आणि मग माझ्याकडं दिवा लागतो. माझ्या फोनमध्ये मशिनीचं बोलणं ऐकू येत नाही. माणूस येतो तेव्हा त्याला सगळं माहीत असतं. मी म्हणते, "बोला," आणि तो बोलतो. एक सुरतचा व्यापारी म्हणाला, "तुमच्याकडं जे आजोबा आहेत ते फार चांगले बोलतात, त्यांना नमस्कार सांगा." मी सांगते म्हणाले. थोरल्या शेठनी मुलीचा विषय परत काढला नाही. पौषात त्यांनी माझ्या टेबलाला एक गादीची खुर्ची आणून ठेवली. माझा खोकला माघापर्यंत कमी झाला. पूर्ण गेला असं म्हणत नाही, पण झोप लागायला लागली.

एक दुपार आठवते. गाड्या कमी होत्या, दिवाणजी खुर्चीत पेंगत होते. दिवा लागला. मी उचलला.

"बोला."

पलीकडं कोणी बोलेना. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी बादली ठेवली. मग कोणी तरी लांबून म्हणालं, "अगं, माझाच आवाज हाय यात! मलाच जरा थांबा म्हणायलाय!" आणि मग जवळ येऊन खाकरलं.

मी ते खाकरणं ओळखलं. मी एकटीच होते, तरी पदर डोक्यावर घेतला. भिंतीकडं बघितलं, पण ती ऑफिसची भिंत होती. तिला आमचं काही माहीत नव्हतं.

"कोणाशी जोडू?" मी विचारलं.

"कोणाशी न्हाई," मामा म्हणाले. "लागतो का बघायलो होतो."

"लागला."

"हौ. लागला."

वायरीत समुद्रासारखं काही वाजत होतं. समुद्र मी बघितलेला नाही.

"छाती कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय, मामा."

"बरं. ठेव मग. दुसऱ्याचा येत असंल."

मोठ्यांच्या आधी आपण कसं ठेवायचं, म्हणून मी थांबले. घरचा मोबाईल कसा बंद करायचा हे मामांना माहीत नव्हतं. त्यांनी तो तसाच ओट्यावर ठेवला असावा, कारण मला आमचं अंगण ऐकू यायला लागलं. कोंबड्या, सुपाचा आवाज, आणि आत्या विचारत होत्या, "काय म्हणाली?"

"मला मामा म्हणाली," मामा सांगत होते. "आणि कोणाशी जोडू विचारलं."

"मग तुमी काय सांगितलं?"

ते काय म्हणाले ते मला ऐकायचं होतं. पण तेवढ्यात दुसरा दिवा लुकलुकायला लागला. काट्यावरून कोणाला तरी भाव विचारायचा असेल. मी तो घेतला.